दोन महिन्यांचे भाडे थकले असताना पुण्यात मदत कुठे आणि कोणत्या क्रमाने मागावी

कर्वेनगरमध्ये वन बीएचकेमध्ये भाड्याने राहणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे पती भोसरीतील सुट्या भागांच्या एका कारखान्यात सहा वर्षे कायम नोकरीला होते. दोन महिन्यांपूर्वी कारखाना बंद पडला आणि शेवटच्या महिन्याचा पगारही हाती आला नाही. पगार २०,००० रुपये होता. ताईंना एका दवाखान्यातील कामाचे ९,००० रुपये मिळतात आणि मुलगी नववीत आहे. घरभाडे १५,००० रुपये, डिपॉझिट ५०,००० रुपये. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार पतीच्या नावावर असून त्याचे पाच महिने शिल्लक आहेत. दोन महिन्यांचे ३०,००० रुपये थकले आहेत आणि घरमालकांनी फोनवर बजावले आहे की रविवारपर्यंत पैसे आले नाहीत तर ते कुलूप बदलणार. ताईंना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: मालक खरोखर कुलूप बदलू शकतात का, आणि भाडे भरायला मदत करणारे एखादे कार्यालय किंवा संस्था पुण्यात आहे का.

गेली बावीस वर्षे मी पुण्यात घरमालक आणि भाडेकरू यांच्या प्रकरणांत वकिली करते, आणि दोन्ही बाजूंची माणसे माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून, ताई, सर्वात आधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगते. थकलेले भाडे सरळ भरून देणारी खिडकी आपल्याकडे जवळपास नाही. महानगरपालिकेत, तहसील कार्यालयात आणि आमदारांच्या संपर्क कार्यालयात ‘भाड्यासाठी मदत’ मागत फिरण्यात माणसांचे पंधरा-वीस दिवस जातात आणि तेवढ्यात मालकाचा धीर सुटतो. मदत मिळते, पण ती भाडे थकण्यामागच्या कारणाला मिळते. नोकरी गेली असेल तर मदतीची दारे वेगळी, घरात आजारपण आले असेल तर वेगळी, नवरा सोडून गेला असेल तर आणखी वेगळी. म्हणून आपले कारण नेमके ओळखावे, त्या कारणाशी संबंधित दारावर जावे, आणि तिथून पैसा येईपर्यंतचा वेळ मालकाकडून लेखी मागून घ्यावा.

आधी कुलपाविषयी, कारण रविवार जवळ आला आहे. मालकाला स्वतःच्या हाताने कुलूप बदलून, सामान बाहेर काढून किंवा वीज तोडून घर रिकामे करून घेता येत नाही. त्यासाठी त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी भाडे कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) किंवा न्यायालयात जाऊन आदेश मिळवावा लागतो. मात्र हे ऐकून ‘आता आम्हाला कोणीच काढू शकत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. तुमचा दस्त बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा आहे. पुण्यात अकरा महिन्यांसाठी होणारे जवळपास सगळे दस्त तसेच असतात आणि बोलताना मात्र आपण त्यांना सर्रास ‘भाडेकरार’ म्हणतो. लायसन्स म्हणजे घर वापरण्याची ठरावीक मुदतीची परवानगी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर घर परत दिले नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या प्रत्येक महिन्यासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई लागू होते. तिथून समन्स आले तर तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मुदत चुकली की तुमचे म्हणणे ऐकूनच घेतले जात नाही. समन्स देव्हाऱ्यामागे ठेवून दोन महिन्यांनी माझ्याकडे आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी मला फार थोडे करता आले.

पेठांमधल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, महिन्याला दोनशे-चारशे रुपये भाडे देणाऱ्या कुटुंबांची गोष्ट वेगळी आहे. ते कायद्याच्या पूर्ण अर्थाने भाडेकरू असतात आणि त्यांना कलम १५ चे भक्कम संरक्षण आहे. भाडे थकल्याच्या कारणावरून मालकाला दावा लावायचा असेल तर आधी लेखी मागणी-नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरसुद्धा समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने सगळी थकबाकी वार्षिक १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढेही नियमित भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो खर्च दिला, तर केवळ थकबाकीसाठी त्याच्याविरुद्ध ताब्याचा हुकूमनामा होत नाही. हे नव्वद दिवस तुमच्या लायसन्सला लागू नाहीत. वाड्यातल्या मावशींना मिळालेला सल्ला सोसायटीतल्या ताईंना लागू पडत नाही, आणि शेजारच्यांच्या सांगण्यावर विसंबून अनेकांची फसगत इथेच होते. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘नव्या भाडे नियमां’चेही तसेच आहे. डिपॉझिट दोन महिन्यांहून जास्त घेता येत नाही, हे वाक्य केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातून आलेले आहे. तो राज्यांसाठी नमुना होता आणि आपल्याकडे १९९९ चा राज्याचा कायदाच चालतो.

म्हणून आज घरी गेल्यावर करार बाहेर काढा आणि शांतपणे वाचा. आपल्याकडे एजंट घरी येतो, छोट्या यंत्रावर सगळ्यांचे अंगठे घेतो, चहा होतो आणि अटी कोणीच वाचत नाही. प्रत सापडत नसेल तर एजंटकडून दस्त क्रमांक घ्या. नोंदणी व मुद्रांक विभागाकडे दस्ताची नोंद असते आणि तिथून प्रत मिळते. त्यात तीन गोष्टी शोधा. भाडे किती महिने थकल्यावर आणि किती दिवसांच्या सूचनेवर मालकाला करार मुदतीआधी संपवता येतो, ही पहिली. बऱ्याच छापील मसुद्यांत सलग दोन महिन्यांची थकबाकी आणि एक महिन्याची लेखी सूचना असे असते. तसे असेल तर फोनवरची धमकी ही करारानुसार दिलेली सूचना ठरत नाही. लॉक-इन कालावधी, म्हणजे ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही तो काळ, किती आहे आणि तो संपला का, ही दुसरी. डिपॉझिटमधून कोणत्या रकमा वळत्या करता येतात, ही तिसरी. तुमचा करार नोंदवलेला आहे, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा नसेल तर घाबरू नका. कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत तुम्ही जे सांगाल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

आता मालकांशी बोलण्याविषयी. या भागावर मी मुद्दाम जास्त लिहिते आहे, कारण बहुतेक घरे इथेच वाचतात किंवा जातात. काही वर्षांपूर्वी धायरीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. मालक त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत असत. भाडे थकल्यापासून हे गृहस्थ रात्री साडेदहानंतर घरी येत आणि आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन जिना चढत. मालकांचे फोन उचलत नसत, कारण सांगण्यासारखे काही नाही असे त्यांना वाटे. ते सगळे त्यांनी लाजेपोटी केले, पण मालकांना ते फसवणुकीसारखे दिसले. पुढे समेटाच्या बैठकीत ते मालक मला म्हणाले की पैसे नाहीत हे त्याने पहिल्याच महिन्यात सांगितले असते तर मी तीन महिने थांबलो असतो. मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. पुण्यातले कितीतरी मालक निवृत्त माणसे असतात, त्यांचे औषधपाणी त्या भाड्यावर चालते किंवा त्या फ्लॅटचा हप्ता त्यातूनच जातो. त्यांना खरी भीती असते ती अनिश्चिततेची. पैसा कधी येणार आणि कुठून येणार हे कागदावर दिसले की ती भीती पुष्कळ कमी होते.

तेव्हा मालकांना पत्र लिहा. ते कुणाच्या हातून लिहून घेण्याची गरज नाही. करार पतीच्या नावावर आहे, म्हणून पत्र त्यांनी लिहावे आणि साध्या शब्दांत लिहावे: ‘सप्रेम नमस्कार. आपल्या कर्वेनगर येथील सदनिकेत आम्ही नोंदणीकृत करारानुसार राहतो. माझी नोकरी गेल्यामुळे मागील दोन महिन्यांचे मिळून ३०,००० रुपये देणे राहिले आहे. त्यापैकी ५,००० रुपये आज आपल्या बँक खात्यात जमा केले आहेत. पुढील तीन महिने दर महिन्याच्या ७ तारखेला ५,००० रुपये जमा करीन आणि उरलेली सर्व रक्कम कारखान्याकडून व कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून येणे असलेल्या पैशातून देईन. त्या अर्जांच्या पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत. कृपया हा कालावधी द्यावा.’ आकडे तुमच्या घरखर्चाप्रमाणे बदला, पण पाळता येणार नाही असा आकडा लिहू नका. ७,००० कबूल करून ३,००० देण्यापेक्षा ५,००० कबूल करून ५,००० देणे कितीतरी चांगले. ५,००० म्हणजे पूर्ण भाडे नव्हे आणि त्या तीन महिन्यांत थकबाकी वाढत जाणार, ही गोष्टही मालकांपासून लपवू नका. पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह सुद्धा पाठवा. जुनी रजिस्टर पोस्टाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच सामावली गेली आहे. पैसे रोख देऊ नका, खात्यावरच टाका. रोख द्यावेच लागले तर पावती घ्या, कारण पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. मालकांनी पाकीट घेतले नाही तर पोस्टमन त्यावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ते परत आणतो. ते पाकीट न फोडता तसेच जपून ठेवा. तुम्ही द्यायला तयार होतात, याचा तो पुरावा आहे.

‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ हे वाक्य पत्रात घाईने घालू नका. मालकांच्या संमतीशिवाय तसे करता येत नाही, शिवाय ५०,००० मधून ३०,००० गेले तर उरलेल्या २०,००० मध्ये दुसरे घर घेणे तुम्हाला अवघड जाईल. फार तर एका महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून वळते करावे आणि ती खोट हप्त्यांनी भरून द्यावी, असे लेखी ठरवता येईल. सगळे डिपॉझिट भाड्यात मुरवून महिन्यामागून महिने बसून राहण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मी कधीही देत नाही.

आता पैसा कुठून येईल ते पाहू. तुमच्या प्रश्नात एका ओळीत येऊन गेलेली गोष्ट, म्हणजे कारखाना बंद पडला आणि पगार राहिला, ही माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे. कारखाना बंद झाल्यामुळे काम सुटले तर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत देणे कारखान्याच्या मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या बाबतीत दोन महिने झाले. त्याखेरीज कायम कामगाराला प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी नुकसानभरपाई मिळते. सहा वर्षांचे ते तीन महिन्यांच्या पगाराएवढे होते, म्हणजे ६०,००० च्या आसपास, कोणता भत्ता पगारात धरला जातो त्यानुसार थोडे कमी. पाच वर्षांहून अधिक नोकरी झाल्यामुळे ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, हीसुद्धा येते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० असेल तर १४,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ६ असा हिशेब करून ती सुमारे ४८,००० रुपये होते. राहिलेला पगार धरून ही सगळी रक्कम सव्वा लाखाच्या पुढे जाते. ज्यांच्यावर ३०,००० चे देणे आहे, त्यांचेच सव्वा लाखाचे येणे आहे, आणि हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, असे मला वर्षातून अनेकदा दिसते.

हे पैसे आपोआप येणार नाहीत. कारखान्याच्या मालकाला लेखी मागणी द्या, ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा द्या, आणि उत्तर आले नाही तर कामगार आयुक्तालयाच्या पुण्यातील कार्यालयात तक्रार नोंदवा. पतीबरोबर काम सुटलेले आणखी लोक असतील तर सगळ्यांनी मिळून जा. एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा पंधरा सह्यांच्या अर्जाची दखल लवकर घेतली जाते. नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचे उतारे, हजेरीकार्ड, गेटपास, यांतले हाताशी असेल ते सगळे न्या. कंपनी बंद झाली आणि शेठ फोन उचलत नाही म्हणून हक्क बुडत नाही, मात्र वेळ लागतो. तो किती लागेल हे कारखान्याच्या स्थितीवर अवलंबून असल्यामुळे या रकमेवर पुढच्या महिन्याचे भाडे अवलंबून ठेवू नका.

लवकर येऊ शकणारा पैसा दोन ठिकाणी आहे. पगार २०,००० म्हणजे २१,००० च्या मर्यादेत आहे, तेव्हा पतीच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वर्गणी कापली जात असणार. पगाराच्या चिठ्ठीवर ते पाहा. ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के दराने जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत मदत देते, आणि ही मदत आयुष्यात एकदाच घेता येते. किमान दोन वर्षांची विमा नोंदणी आणि वर्गणीच्या दिवसांची अट असते. तुमच्या पगाराला ही मदत तीन महिन्यांची मिळून ३०,००० च्या जवळपास होईल, म्हणजे थकबाकीइतकी. या योजनेला वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते, म्हणून अर्ज पुढे ढकलू नका. कारखाना बंद झाल्याने काम गेलेल्यांसाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना या नावाची दुसरी, जास्त काळ चालणारी योजनाही आहे. तुमच्या बाबतीत कोणती बसते, हे शाखा कार्यालयात विचारून घ्या. पुण्याचे मुख्य कार्यालय बिबवेवाडीला आहे. दुसरे ठिकाण म्हणजे भविष्यनिर्वाह निधी. नोकरी सुटल्यावर खात्यातील ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ऑनलाइन अर्जाने काढता येते, त्यासाठी यूएएन (या निधीचा सदस्य क्रमांक) सुरू असावा आणि आधार व बँक खाते त्याला जोडलेले असावे. सहा वर्षांची ही पुंजी म्हातारपणासाठी आहे याची मला जाणीव आहे, म्हणून थकबाकी आणि पुढचे दोन-तीन महिने निभावण्यापुरतीच रक्कम काढा. पण ती खात्यात पडून असताना व्याजाने पैसे आणणे हे मात्र चुकीचेच ठरेल.

व्याजाचा विषय निघाला म्हणून आग्रहाने सांगते. भाड्यासाठी मोबाइल अ‍ॅपवरून झटपट कर्ज घेऊ नका आणि महिना दहा टक्क्यांच्या सावकाराकडे तर पाऊलही टाकू नका. महिना दहा टक्के म्हणजे वर्षाला एकशेवीस टक्के. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालासुद्धा बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही, आणि परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करणे हा गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. अ‍ॅपवाल्यांनी फोनमधले नंबर काढून नातेवाइकांना धमकावले तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार द्या. उसने घ्यावेच लागले तर तुमचा बचत गट, पतीची पतपेढी किंवा बँकेतले सोनेतारण, हाच क्रम मी सुचवेन. दिराकडून किंवा भावाकडून घेतलेत तरी परतफेडीची तारीख लिहून द्या, म्हणजे नात्यात कडवटपणा येत नाही.

तुमच्याइतकेच आणखी काही जण याच अडचणीत आहेत आणि त्यांची कारणे वेगळी आहेत, म्हणून त्यांच्यासाठीही थोडे लिहिते. दवाखान्याच्या बिलामुळे भाडे थकले असेल तर बिलाचे ओझे कमी करणे हीच भाड्याची मदत आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहेत. रुग्ण दाखल असतानाच तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे, घरी सोडल्यानंतर फार उशीर झालेला असतो. पती घर सोडून गेला असेल किंवा भाडे देत नसेल, तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ च्या कलम १९ खाली दंडाधिकारी त्याला पर्यायी घराची सोय करण्याचा किंवा त्या घराचे भाडे देण्याचा आदेश देऊ शकतात. संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत तसा अर्ज करता येतो आणि १८१ ही महिला मदतवाहिनी तिथपर्यंत पोहोचवते. खोलीचे भाडे देता येत नसलेल्या विद्यार्थ्यांना तर खास निवासासाठीचा पैसा मिळतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आणि इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर आहेत. १९५५ पासून काम करणाऱ्या विद्यार्थी सहायक समितीसारख्या संस्थांची वसतिगृहेही खेड्यातून आलेल्या गरजू मुलामुलींसाठी आहेत. खोलीचे भाडे थकवत वर्ष काढण्यापेक्षा तिथे अर्ज करणे केव्हाही शहाणपणाचे.

ताई, तुमच्या प्रकरणाकडे परत येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे आणि तिथे वकील मोफत मिळतो. तुम्ही स्त्री आहात म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट नाही. पती कामगार आहेत आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत आहे, त्यामुळे तेही पात्र ठरतात. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. तिथे जाणे म्हणजे मालकांशी भांडण मांडणे, असे समजू नका. दावा लागण्याआधीच दोघांना बोलावून समेट घडवण्याची सोय तिथे आहे. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी किंमत असते, कोर्ट फी लागत नाही आणि त्यावर अपील होत नाही. म्हणूनच तिथे हप्ता ठरवताना पुन्हा एकदा घरचा हिशेब करूनच सही करा.

एक प्रश्न मला तुम्हाला विचारलाच पाहिजे, आणि तो कटू आहे याची मला कल्पना आहे. पतीला नवे काम लागेपर्यंत तुमच्या ९,००० मध्ये १५,००० चे घर चालणार नाही. ईएसआय आणि पीएफचा पैसा तीन-चार महिन्यांची सोय करील. या महिनाअखेरपर्यंत नव्या कामाचे काही चिन्ह दिसले नाही तर लहान घरात जाण्याचा निर्णय थकबाकी वाढण्याआधी घ्या. लॉक-इन संपला नसला तरी बहुतेक मालक घर वेळेवर आणि भांडणाशिवाय मोकळे होत असेल तर ती अट सोडायला तयार होतात. तसे झाले तर थकबाकी वजा होऊन उरलेले डिपॉझिट ताबा देतानाच मिळेल, हे लेखी घ्या. मुलीची शाळा हा तुमचा मुख्य विचार असणार, म्हणून शाळेपासून एका बसने पोहोचता येईल अशाच भागात वन आरके पाहा. घर लहान झाले म्हणून तुमची पत कमी होत नाही. पाच महिन्यांनी शून्य डिपॉझिट आणि दुप्पट भरपाईचा अर्ज अंगावर घेऊन बाहेर पडण्याची वेळ मात्र येऊ देऊ नका.

राहिला रविवार. पत्र आणि ५,००० रुपये शनिवारच्या आत पोहोचवा. रविवारी घरी कोणीतरी मोठे माणूस थांबा, सगळे एकदम बाहेर जाऊ नका. मालक आले तर त्यांना आत बोलावून बसवा आणि पत्राच्या दोन प्रती काढून ठेवा. एक त्यांना द्या, दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ असे लिहून तारखेसह सही मागा. ते रागावून बोलले तर उत्तर देऊ नका, ठरलेली तारीख तेवढी पुन्हा सांगा. एवढे करूनही त्यांनी कुलूप लावले किंवा सामानाला हात घातला, तर ११२ ला फोन करा आणि करार घेऊन पोलीस ठाण्यात जा. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे तिथे ऐकावे लागेल. तेव्हा शांतपणे सांगा की भाड्याचा वाद दिवाणी आहे हे मान्य, पण राहत्या घरात बेकायदा शिरणे आणि अडवणूक करणे हा फौजदारी विषय आहे, आणि किमान अदखलपात्र नोंद करून तिची प्रत द्यावी. वीज-पाणी तोडले तर भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ त्याला मनाई करते, पण त्या कलमाची भाषा भाडेकरूची असल्याने लायसन्सवर राहणाऱ्यांनी केवळ त्यावर विसंबून राहू नये. आदेशाशिवाय घराबाहेर काढले गेले तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, पण तुम्ही सोमवारी सकाळीच शिवाजीनगरला या. येताना कराराची प्रत, पतीचे ओळखपत्र, भाडे भरल्याचे बँकेतले उतारे, मालकांचे फोनवरचे संदेश आणि शनिवारी पाठवलेल्या पत्राची पोस्टाची पावती एका पिशवीत घालून आणा.